ऑइलचा लाल दिवा लागला की गाडी तिथेच बंद करा
(चेंबरला, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याला, दगड लागलेल्या आणि ऑइल कमी होणाऱ्या गाड्यांविषयी आमच्या ग्राहकांसाठी)

गणपतीच्या आधीचा आठवडा आणि गौरी-गणपती विसर्जनानंतरचे चार दिवस आमचा फोन एकाच प्रश्नासाठी वाजत असतो. "दादा, खाली दगड लागला, ऑइल गळतंय. हळूहळू घेऊन येऊ का गॅरेजला?" उत्तर आम्ही दरवर्षी देतो. तरी दरवर्षी दोन-चार गाड्या खडखडत येतात आणि आमच्या दारातच कायमच्या बंद पडतात. म्हणून यंदा हे छापून घेतले. गाडीच्या कागदपत्रांबरोबर डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा.

उत्तर असे: आणू नका. इंजिन आहे तिथे बंद करा, पुन्हा चालू करून बघू नका आणि आम्हाला बोलवा.

चेंबर फुटलेली गाडी हायवेवरून आमच्याकडे क्वचित येते. परशुराम घाट उतरून चिपळुणात पोचेपर्यंत सगळे ठीक असते. चेंबर लागते ते डांबर संपल्यावर, वाडीकडे जाणाऱ्या वाटेवर. दोन्ही चाकोऱ्या पावसाने खोल गेलेल्या, मधल्या उंचवट्यावर गुडघाभर गवत आणि त्या गवतात कोणाच्या तरी बांधावरून निसटलेला जांभ्याचा चिरा. रिकाम्या हॅचबॅकचे पोट जमिनीपासून साधारण १६० ते १७० मिलिमीटर उंच असते. पाच माणसे, डिकीत सामान, वर कॅरिअर असा भार घेतला की तीच गाडी चांगली दोन-तीन बोटे खाली बसते. मुंबईत रोज चालवणाऱ्या माणसाला हा फरक जाणवत नाही, कारण तिथे त्याने गाडी इतकी भरलेली नसते. खाली "ठण्ण" असा आवाज आला तर शंभर पावलांच्या आत थांबा, उतरा आणि वाकून बघा. पावसात सगळेच ओले दिसते, म्हणून कागद किंवा फडका खाली धरा. ऑइल असेल तर बोटाला बुळबुळीत लागते आणि चोळल्यावरही जात नाही.

आता त्या दिव्याविषयी. डॅशबोर्डवर तेलाच्या झारीसारखे जे लाल चिन्ह आहे, ते ऑइल किती शिल्लक आहे हे सांगत नाही. ते प्रेशर सांगते. गरम इंजिन उभ्या उभ्या चालू असताना ऑइलचे प्रेशर एक बारच्या (बार हे दाब मोजायचे माप) आसपास असते, रस्त्यावर धावताना तीन-चार बारपर्यंत जाते. दिवा लावणारा स्विच बहुतेक गाड्यांत ०.३ ते ०.५ बारला जागा होतो. म्हणजे तो लागतो तेव्हा पंपाला ओढायला ऑइल जवळपास उरलेले नसते. पेट्रोल संपत आल्याचा पिवळा दिवा लागला तर पुढच्या पंपापर्यंत जाता येते. त्या सवयीने लोक या लाल दिव्याकडे बघतात आणि इथेच घात होतो.

"फक्त दोन किलोमीटर चालवली हो," असे आम्हाला सांगतात. त्या दोन किलोमीटरचा हिशेब करू. ताशी ४० च्या वेगाने दोन किलोमीटरला तीन मिनिटे लागतात. इंजिन मिनिटाला २,००० फेऱ्या घेत असेल, तर क्रँक, म्हणजे इंजिनातला फिरणारा मुख्य दांडा, तेवढ्यात ६,००० वेळा फिरला. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये दोन ते पाच शतांश मिलिमीटरची फट असते. ती फट दाबाखालच्या ऑइलने भरलेली असते आणि लोखंड लोखंडाला लागत नाही ते त्या पातळ थरामुळे. थर गेला की बेअरिंगचा मऊ पृष्ठभाग आधी घासतो, मग तापून क्रँकला चिकटतो, मग आपल्या जागेवरून फिरतो. तुम्हाला ऐकू येते ती "खट खट" तिथून सुरू होते. पिस्टन क्रँकला जोडणारा कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉकला (इंजिनाच्या मुख्य धडाला) भोक पाडून बाहेर आलेले इंजिनही आमच्याकडे आले आहे. हळू चालवल्याने यातले काही टळत नाही, उलट तेवढे अंतर कापायला क्रँक जास्त वेळ कोरडा फिरतो. टर्बोच्या (इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या) गाडीत तर त्याहून कठीण. टर्बोची पाती मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या घेतात आणि त्यांचा दांडा ऑइलवरच तरंगत असतो.

मागच्या गणपतीतली एक गाडी डोळ्यांसमोर आहे. दगड लागला, वळणावर दिवा लागला, पण घर सहा किलोमीटरवर आणि आरतीची वेळ झालेली. गाडी घरी पोचलीही. सकाळी स्टार्टर मारला तर क्रँक हलला नाही. वळणावर बंद केली असती तर नवे चेंबर, ऑइल आणि फिल्टर एवढ्यावर भागले असते, ते काम काही हजारांत होते. त्याऐवजी क्रँक ग्राइंडिंगला गेला, सगळी बेअरिंगे बदलावी लागली, ऑइल पंप आणि एक रॉड नवा घालावा लागला. त्या कुटुंबाचा विसर्जनानंतरचा परतीचा प्रवास एसटीने झाला आणि गाडी महिन्याने गेली. असे बिल हातात देताना आम्हालाही बरे वाटत नाही.

दुसरी चूक जरा शहाणपणाची वाटते, म्हणून जास्त माणसे करतात. दुकानातून डबा आणायचा, ऑइल ओतायचे, फुटलेल्या जागी एम-सील नाहीतर साबणाची वडी चोपडायची आणि निघायचे. साबण कशाला टिकतो? गरम ऑइल नव्वद-शंभर अंशांवर असते. एम-सीलही तेलकट, ओल्या धातूला धरत नाही. वाटेत ते कधी सुटले हे दिवा लागल्यावरच कळते. चेंबर फुटले असेल तर वरून ओतू नका. गळती कुठेच दिसत नाही, फक्त डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) लेव्हल खाली गेली आहे, अशा वेळी मात्र चांगले इंजिन ऑइल थोडे थोडे घालून लेव्हल आणा. नेमका ग्रेड गावात मिळाला नाही तर जवळचा चालेल. गिअर ऑइल चालणार नाही.

काही वेळा चेंबर फुटत नाही, आत बसते. पत्र्याच्या चेंबरमध्ये हे नेहमी होते, आणि ऑइल एक थेंबही गळत नसल्यामुळे ग्राहक निश्चिंत असतो. चेंबरच्या तळापासून थोड्याच मिलिमीटरवर ऑइल ओढणारी जाळी असते. पत्रा आत बसून जाळीच्या तोंडाशी टेकला, की डिपस्टिकवर लेव्हल पूर्ण दिसते आणि पंप मात्र उपाशी राहतो. अशी गाडी सपाटीला बरी चालते, घाट चढताना किंवा गिअर ओढून जोर दिल्यावर दिवा लुकलुकतो. कुंभार्ली घाट चढताना दिवा लुकलुकला आणि वर गेल्यावर विझला, म्हणून कराडपर्यंत गेलेले आमचे एक ग्राहक आहेत. त्यांचे इंजिन वाचले, बेअरिंगे गेली. दगड लागल्याचे आठवत असेल आणि दिवा एकदा जरी लुकलुकला असेल, तर गळती नसली तरी आम्हाला दाखवा. अॅल्युमिनियमचे चेंबर सहसा बसत नाही, त्याला चीर जाते. ती केसाएवढी असली तर उभ्या गाडीखाली लगेच काही दिसत नाही, पण रात्रभरात पार्किंगमध्ये थाळीएवढा डाग पडतो.

आमच्या कामाच्या पद्धतीवर नेहमी दोन तक्रारी येतात.

पहिली तक्रार अशी की दिवा लागलेल्या गाडीचे इंजिन आम्ही लगेच चालू करून दाखवत नाही, आधी चेंबर खोलतो आणि त्याची मजुरी लावतो. हो, लावतो. आधी उरलेले ऑइल पांढऱ्या ट्रेमध्ये काढतो आणि उन्हात धरतो. त्यात चकाकणारा चुरा दिसला तर बेअरिंग घासलेले असते. जुना फिल्टर कापून आतला कागद उलगडतो. मग एक बिग-एंड कॅप (रॉडची क्रँकवर बसणारी टोपी) उघडून बेअरिंगचे कवच बघतो. एकसारखे राखाडी असेल तर चांगले. ओरखडे असतील किंवा खालचा तांबूस थर उघडा पडला असेल, तर पुढचे काम काय आहे ते तुम्हाला समोर उभे करून दाखवतो. यात अर्धा दिवस जातो. पण जखमी बेअरिंगवर नवे ऑइल घालून स्टार्टर मारला, तर क्रँक पॉलिशवर वाचणार होता तोही जातो. सगळे ठीक निघाले तरी आम्ही आधी इंधन बंद ठेवून स्टार्टर फिरवतो, गेजवर प्रेशर आलेले बघतो आणि मगच इंजिन पेटवतो. फोनवरून खर्चाचा आकडा सांगत नाही, त्याचे कारणही हेच. चेंबर खोलल्याशिवाय सांगितलेला आकडा अंदाजच असतो, आणि तो चुकला की वाद होतो.

दुसरी तक्रार, गाडी त्याच दिवशी का देत नाही. चेंबर बसवताना लावलेले सिलिकॉन सुकायला वेळ लागतो. चार तासांत गाडी काढली तर कडेने झिरपणार. सिलिकॉन जास्त फासले तर त्याचे तुकडे आत पडून जाळीत अडकतात, म्हणून ते मोजून लावावे लागते आणि जुने आधी खरवडून पूर्ण काढावे लागते. हे काम घाईचे नाही. रात्रभर ठेवून सकाळी गाडी चालवून, खाली कागद अंथरून बघतो आणि मग चावी देतो. बदललेले भाग पिशवीत घालून देतो.

विम्याचे एक सांगायला हवे. दगड लागून चेंबर फुटले, तर नेहमीच्या सर्वसमावेशक पॉलिसीत तो अपघात म्हणून क्लेम होऊ शकतो. पण त्यानंतर ऑइल नसताना चालवल्यामुळे इंजिन गेले, तर ते परिणामी नुकसान धरतात आणि साध्या पॉलिसीत ते वगळलेले असते. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट नावाचे वेगळे कव्हर घ्यावे लागते, त्यातही अटी असतात. आपल्या पॉलिसीत ते आहे का, हे आजच बघून ठेवा. चेंबर लागल्यावर त्या दगडाचा, जमिनीवरच्या ऑइलचा आणि डॅशबोर्डचा फोटो काढा, विमा कंपनीला आधी कळवा. सर्व्हेअरने बघण्याआधी आम्ही काही खोलत नाही, तेव्हा एक-दोन दिवस जास्त लागतील.

दगड न लागताही ऑइल कमी होते, त्याविषयी थोडक्यात. जुन्या गाडीने सर्व्हिसच्या मध्ये थोडे ऑइल घेतले तर घाबरू नका. काही कंपन्यांच्या पुस्तिकेत हजार किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंत चालते असे लिहिलेले असते. सकाळी पहिल्या स्टार्टला निळा धूर येऊन थांबत असेल तर बहुधा वॉल्व्ह सील, जोर दिल्यावर सतत येत असेल तर पिस्टनची रिंग किंवा टर्बो. इंजिनाच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरची पॅकिंग झिरपून ऑइल सायलेन्सरकडच्या गरम भागावर पडले की जळका वास येतो. पावसाळ्यात ऑइलच्या झाकणाखाली थोडी पांढरी साय दिसते. गाडी रोज दोन-चार किलोमीटरच चालत असेल तर ती बाष्पाची असते. डिपस्टिकवरच चहासारखे ऑइल दिसले तर मात्र पाणी आत जाते आहे, गाडी चालू करू नका. जुलै २०२१ च्या पुरानंतर अशी इंजिने आम्ही रांगेने खोलली आहेत, आणि त्यातली स्टार्टर न मारलेलीच लवकर सुधारली.

बीएस-६ डिझेलवाल्यांनी लेव्हल वाढते आहे का हेही बघावे. शहरात थोडे थोडे अंतर चालणाऱ्या गाडीत सायलेन्सरमधल्या फिल्टरची साफसफाई अर्धवट राहते आणि डिझेल ऑइलमध्ये उतरते. पातळ झालेले ऑइल बेअरिंगला तेवढेच वाईट.

आणि नुकतेच कुठे ऑइल बदलले असेल, तर पहिल्या दिवशी खाली वाकून बघा. एका ठिकाणी ऑइल बदललेली गाडी आमच्याकडे क्रेनने आली होती. जुन्या फिल्टरचे रबर इंजिनालाच चिकटून राहिले होते, त्यावर नवा फिल्टर चढवलेला. दोन रबरांमधून सगळे ऑइल हायवेवर सांडले. आमच्याकडे ड्रेन बोल्टचा (चेंबरच्या तळाशी ऑइल काढायच्या बोल्टचा) वॉशर दर वेळी नवा असतो, तो बिलात वेगळा दिसतो, ते याचसाठी.

डिपस्टिक बघण्याची रीत: सपाट जागा, गरम इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटे थांबा, पट्टी पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला आणि मग वाचा. दोन खुणांमध्ये असेल तर पुरे. वरच्या खुणेच्या वर भरू नका. लांबच्या प्रवासाला निघण्याच्या आदल्या दिवशी एवढे करा. जमत नसेल तर गाडी घेऊन या. लेव्हल आणि चेंबर बघायचे आम्ही काही घेत नाही. गाव वाडीत आत असेल आणि दरवर्षी गाडी तिथवर जात असेल, तर चेंबर गार्ड बसवून घ्या. लोखंडी जाड गार्ड आम्ही गाडीच्या मापाने इथेच बनवतो, ड्रेन बोल्टसाठी भोक ठेवतो आणि हवा जायला खाचा देतो. गणपतीच्या आधी पंधरा दिवस सांगितलेत तर वेळेत होईल, शेवटच्या आठवड्यात हात मोकळा नसतो.

रस्त्यात अडकलात तर फोनवर हे सांगा: गाव आणि वाडी, गाडीचे मॉडेल, पेट्रोल की डिझेल, दिवा लागल्यावर इंजिन किती वेळ चालू होते, आणि गाडी ऑटोमॅटिक आहे का. ऑटोमॅटिक असेल तर आम्ही पाटाची (गाडी पूर्ण वर चढवून आणणारी) क्रेन पाठवतो, पुढची चाके जमिनीवर ठेवून ओढत आणत नाही. किती वेळ चालवली ते खरे सांगा, त्यावरून आधी काय खोलायचे ते ठरते. क्रेन येईपर्यंत चावी काढून खिशात ठेवा, म्हणजे मदतीला आलेला कोणी "एकदा मारून बघू" म्हणत बसणार नाही.