अग्रलेखातला ‘आम्ही’ कोण?

मराठी साप्ताहिकाच्या शेवटच्या पानाच्या तळाशी, मुंगीच्या पावलांएवढ्या टायपात, दोन ओळी असतात. पहिली सांगते की हे साप्ताहिक अमुक यांनी तमुक मुद्रणालयात छापून अमक्या पत्त्यावर प्रसिद्ध केले. दुसरी सांगते की अंकात व्यक्त झालेल्या मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही. कोणाला धरायचे ते पहिली सांगते आणि दुसरी तेवढ्यातच हात झटकते. आत मधल्या पानावर अग्रलेख असतो. त्याखाली बहुतेक वेळा सही नसते आणि त्यातला बोलणारा स्वतःला ‘आम्ही’ म्हणवतो. या ‘आम्ही’ची किंमत कोणी मोजायची, हा प्रश्न मराठीत चांगला दीडशे वर्षांचा आहे.

त्याआधी चाल वेगळी होती. भाऊ महाजनांचे ‘प्रभाकर’ हे साप्ताहिक १८४१ साली मुंबईत निघाले. १८४८ पासून त्यात ‘लोकहितवादी’ या टोपणनावाने पत्रे येऊ लागली. लिहिणारे गोपाळ हरि देशमुख सरकारी नोकरीत होते. नाव झाकले की नोकरीही सांभाळली जाई आणि पुण्याच्या भटभिक्षुकांना चार शब्द सुनावताही येत. वाचक पत्राशी भांडे, पत्रलेखकाच्या घरी कोणी जात नसे.

मग १८६७ चा पंचविसावा कायदा आला. प्रत्येक नियतकालिकावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे, छापल्याची जागा हे सगळे छापणे बंधनकारक झाले. शेवटच्या पानावरची पहिली ओळ ती हीच. गंमत म्हणजे संपादकाचे नाव छापण्याची सक्ती त्यात नव्हती. ती १९२२ च्या दुरुस्तीने आली. म्हणजे मराठी साप्ताहिकांचा जो काळ आपण सर्वांत तेजस्वी मानतो, त्या काळात कायद्याला छापखान्याचा मालक ठाऊक असणे पुरेसे वाटत होते. संपादकाने आपणहून पुढे येण्याची रीत पडली ती खटल्यांमुळे.

‘केसरी’चा पहिला अंक ४ जानेवारी १८८१ चा, मंगळवारचा. दोन दिवस आधी, रविवारी, इंग्रजी ‘मराठा’ निघाला होता. चिपळूणकर, टिळक, आगरकर, नामजोशी ही मंडळी मिळून पत्रे चालवणार होती. आगरकरांनी ‘केसरी’ सांभाळावा, टिळकांनी ‘मराठा’, अशी वाटणी झाली. शीर्षस्थानी जगन्नाथ पंडिताच्या श्लोकाचा वासुदेवशास्त्री खरे यांनी केलेला मराठी अवतार होता. मदांध हत्तीला सांगितलेले असते की या रानात क्षणभरही थांबू नकोस, गुहेत सिंह झोपला आहे. या श्लोकातही ‘मी’ नाही. सिंह झोपलेलाच आहे आणि त्याच्या वतीने दुसराच कोणी बोलतो आहे. ‘केसरी’चा ‘आम्ही’ नेमका तसाच होता. अग्रलेख कोणी लिहिला हे पुण्यात पुष्कळांना माहीत असे, पण छापलेल्या पानाच्या लेखी ते मंडळाचे मत.

पहिली परीक्षा दीड वर्षातच झाली. कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींचा छळ होतो आहे आणि त्यामागे कारभारी माधवराव बर्वे आहेत, अशा आशयाचा मजकूर दोन्ही पत्रांनी छापला. ज्या पत्रव्यवहाराच्या आधारावर तो छापला तो बनावट निघाला. अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळक-आगरकरांनी माफी मागितली, तरी जुलै १८८२ मध्ये चार महिन्यांची साधी कैद झाली. सूट धरून ती १०१ दिवस भोगावी लागली. खटल्याच्या काळात जोतीराव फुल्यांच्या सांगण्यावरून रामशेठ उरवणे यांनी दहा हजारांचा जामीन दिला. फुले आणि या मंडळींचे विचार किती लांबचे होते हे ध्यानात घेतले, तर ही गोष्ट मला तरी खटल्याहून मोठी वाटते. सुटून आल्यावर आगरकरांनी आठवणी लिहिल्या, ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’. तुरुंगातल्या अनुभवालाही ‘माझे’ म्हणणे त्यांना जमले नाही.

तेच आगरकर पाच वर्षांनी त्या ‘आम्ही’तून बाहेर पडले. बालविवाह, केशवपन, लहानपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे जायला नकार देणाऱ्या रखमाबाईंचा खटला या प्रश्नांवर त्यांचे मत आणि मंडळातल्या बहुसंख्यांचे मत जुळेना. सही नसलेल्या अग्रलेखाची अडचण इथे उघडी पडते. लिहिणाऱ्याला जे पटते ते पत्राचे मत नसेल, तर त्याने काय करावे? मंडळाचे मत लिहावे की स्वतःचे? ऑक्टोबर १८८७ मध्ये त्यांनी संपादकपद सोडले आणि वर्षभराने, १५ ऑक्टोबर १८८८ ला, ‘सुधारक’ काढला. मराठी बाजू त्यांची, इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखल्यांची. इष्ट असेल ते बोलणार आणि साध्य असेल ते करणार, हा बाणा त्याच पत्राचा. पुण्यातल्या सनातन्यांनी आगरकर जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. टोपणनावाच्या काळात हे घडले नसते, कारण तिरडीवर कोणाला निजवायचे तेच ठरले नसते.

‘केसरी’त मात्र ‘आम्ही’ तसाच राहिला, त्यामागचा माणूस बदलला. टिळकांच्या हाती आल्यावर त्या शब्दाचा आवाजच वेगळा झाला. साप्ताहिक म्हणजे मंगळवार ते मंगळवार सहा दिवसांची फट. ताजी बातमी देण्यात दैनिकाशी बरोबरी नाही, मग बातमीवर वाद घालायचा. एकच विषय तीन-तीन, चार-चार आठवडे ओढायचा, मागच्या अंकावर आलेल्या आक्षेपांना पुढच्या अंकात उत्तर द्यायचे. शीर्षके तर वाक्येच्या वाक्ये: ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’, ‘राज्य करणे म्हणजे सूड उगवणे नव्हे’. अंक गावागावांत एकाने वाचायचा आणि दहांनी ऐकायचा, तेव्हा शीर्षक तोंडात बसणारे हवे. आजही मराठी अग्रलेखाला प्रश्नार्थक मथळा देण्याची जी खोड आहे ती इथली. फक्त आज प्रश्न विचारणाऱ्याला शिक्षेची धास्ती क्वचित असते, म्हणून तो प्रश्न बऱ्याचदा नुसता टाचणीसारखा टोचून थांबतो.

ही दोन्ही शीर्षके जुलै १८९७ मधली, पुण्यातला प्लेग अधिकारी रँड याच्या खुनानंतरची. त्याच महिन्याच्या २७ तारखेला टिळकांना अटक झाली. खटला भरला तो १५ जूनच्या अंकावर: शिवराज्याभिषेकोत्सवाचा वृत्तान्त आणि ‘शिवाजीचे उद्गार’ ही टोपणनावाने आलेली कविता. म्हणजे शिक्षेला कारण झालेली ओळ टिळकांच्या सहीची नव्हतीच. त्यांच्याबरोबर मुद्रक केशव महादेव बाळ हेही आरोपी होते. १८६७ च्या कायद्याने ज्याचे नाव हवे म्हणून छापलेले असे, ते बाळ निर्दोष सुटले. टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. नऊ ज्युरींपैकी सहा युरोपियनांनी दोषी म्हटले, तिघा हिंदी ज्युरींनी निर्दोष. माफी मागून सुटावे असा सल्ला ‘अमृत बझार पत्रिका’च्या मोतीलाल घोषांकडून आला होता, तो टिळकांनी मानला नाही. डोंगरीला जाताना १८८२ मध्ये माफी मागितली होती. पंधरा वर्षांत संपादकाने काय करायचे याची व्याख्या बदलली होती आणि ती बदलली कोर्टात.

टिळक तुरुंगात असताना पत्र थांबले नाही. परत सूत्रे घेताना ४ जुलै १८९९ च्या अंकात अग्रलेख आला, ‘पुनश्च हरिः ॐ’. १९०८ साली ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या लेखांवर पुन्हा राजद्रोह लागला. निकाल सात विरुद्ध दोन, सहा वर्षे काळे पाणी आणि हजार रुपये दंड. शिक्षा सुनावणारे न्यायमूर्ती दावर १८९७ मध्ये वकील म्हणून टिळकांचा जामीन मिळवायला उभे राहिले होते.

या ‘आम्ही’चे कुंपणही होते. कुंपणाबाहेरच्यांना ते चांगले दिसे. डॉ. आंबेडकरांचे ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० रोजी निघाले. ते पाक्षिक होते, पण ही गोष्ट त्याच्यावाचून पुरी होत नाही. त्याची जाहिरात पैसे देऊनही ‘केसरी’ने घेतली नाही, हे आंबेडकरांनीच पुढे लिहून ठेवले. ते स्वतः तेव्हा सिडनहॅम या सरकारी कॉलेजात प्राध्यापक असल्याने संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकरांचे लागले. लोकहितवादींची अडचण सत्तर वर्षांनी पुन्हा उभी राहिली, फरक एवढाच की या वेळी मागे एक अख्खा मुका समाज होता. शीर्षस्थानी पंडिती श्लोकाची जागा तुकोबांनी घेतली होती: ‘काय करूं आतां धरूनियां भीड । निःशंक हें तोंड वाजविलें ॥’ १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ निघाले तेव्हा मात्र त्यांनी आपले नाव घातले. चोवीस-चोवीस रकाने एकट्याने भरण्याच्या श्रमाबद्दलही त्यांनी मोकळेपणाने लिहिले. ‘केसरी’च्या अग्रलेखात अशी कबुली शोभली नसती.

साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ ला ‘साधना’ सुरू केले तेव्हा साप्ताहिकात ‘मी’ सरळच आला. पुतणी सुधा हिला लिहिलेली पत्रे त्यात छापून येत. अवघ्या दोन वर्षांत, ११ जून १९५० ला, गुरुजी गेले. मग आचार्य जावडेकर आणि रावसाहेब पटवर्धन, पुढे यदुनाथ थत्ते अशी मालिका लागली. एका माणसाच्या जिव्हाळ्यावर उभे राहिलेले पत्र ‘आम्ही’कडे परत वळले, पण हा ‘आम्ही’ वेगवेगळ्या मतांच्या लेखकांना जागा देणारा, म्हणून सहीचा आग्रह धरणारा झाला. नरेंद्र दाभोलकर १९९८ पासून त्याचे संपादक होते. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात त्यांची हत्या झाली, तेव्हा संपादकपद त्यांच्याकडेच होते.

शेवटच्या पानावरची दुसरी ओळ, सहमत असतीलच असे नाही ही, याच सहीच्या रिवाजातून आलेली असावी असे मला वाटते. सही लेखकाची म्हटल्यावर मतही त्याचेच. कायद्याने मात्र तशी सूट दिलेली नाही. १९२२ च्या दुरुस्तीने संपादकाची व्याख्या केली: छापायच्या मजकुराच्या निवडीवर ज्याचे नियंत्रण असते ती व्यक्ती. कोणी लिहिले हा प्रश्न त्या व्याख्येत येतच नाही. १८६७ चा कायदा जाऊन त्याच्या जागी २०२३ चा नवा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला. पहिली ओळ त्याआधी दीडशे वर्षे जवळपास जशीच्या तशी छापली जात होती.