आतिथ्य, ख्रिस्ती : सोलापूरच्या मंडळीजीवनातील रीत

दारी आलेल्याला घरात, उपासनेत आणि पंगतीत जागा देणे हे ख्रिस्ती धर्मात प्रत्येक श्रद्धावानाचे आणि त्याच्या मंडळीचे कर्तव्य मानले आहे. मंडळी म्हणजे एका ठिकाणी नियमाने उपासनेला जमणारा समुदाय. त्याचा धार्मिक कारभार पाळकसाहेब पाहतात आणि व्यवस्था वडील म्हणजे मंडळीतले जबाबदार ज्येष्ठ व डीकन म्हणजे सेवेची कामे पाहणारे सभासद यांच्याकडे असते. या कर्तव्याला शास्त्राचा भक्कम आधार आहे. आचरणात मात्र प्रत्येक गावाने आपापल्या अडचणी त्यात आणल्या. सोलापूर हे गिरण्यांमुळे बाहेरून आलेल्यांचे शहर. मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी इथे एकाच गल्लीत ऐकू येतात. अशा ठिकाणी ‘कोणाला आत घ्यायचे’ यापेक्षा ‘कोणाच्या ताटाशेजारी बसायचे’ हा प्रश्न जास्त जड गेला.

पवित्र शास्त्रातले पहिले ठळक उदाहरण अब्राहामाचे. भर उन्हात तंबूच्या दाराशी बसलेला असताना तीन अनोळखी माणसे दिसतात. तो धावत जातो, पाय धुवायला पाणी देतो, सारेला पीठ मळायला सांगतो आणि कोवळे वासरू कापतो (उत्पत्ती १८). पाहुणे कोण आहेत हे त्याला नंतर कळते. या कथेची आठवण ठेवूनच इब्री लोकांस पत्रात सांगितले आहे, की अतिथीचा आदर करताना कित्येकांनी नकळत देवदूतांना जेवू घातले. मत्तयाच्या २५व्या अध्यायात मागणी आणखी कडक होते : शेवटच्या न्यायाच्या दिवशी राजा ज्या गोष्टी मोजतो त्यांत परक्याला घरात घेतले की नाही हीही एक आहे, आणि ‘तो परका म्हणजे मीच होतो’ असे राजा म्हणतो. येशू स्वतः बहुतेक वेळा पाहुणा म्हणूनच दिसतो. मार्था-मरीयेच्या घरी, जकातदार जक्कयाच्या घरी, अम्माऊसच्या वाटेवर भेटलेल्या दोघांच्या मुक्कामी तो जेवायला बसतो आणि भाकर मोडताना घरधनी होतो. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातली लुदिया ही जांभळ्या कापडाचा व्यापार करणारी बाई. बाप्तिस्मा होताच तिने प्रेषित पौलाला व त्याच्या सोबत्यांना आग्रहाने घरी ठेवून घेतले. सूत रंगवण्यावर पोट असलेल्या सोलापूरला ही बाई परकी वाटण्याचे कारण नाही. पेत्राच्या पहिल्या पत्रात पाहुणचार ‘कुरकुर न करता’ करा असे बजावले आहे. त्या काळीही कुरकुर होत असल्याशिवाय कोणी असे लिहिणार नाही.

पाहुण्याची पारख करण्याची रीतही तितकीच जुनी आहे. दिदाखे या आरंभकाळातील ग्रीक नियमपुस्तिकेत फिरत्या प्रेषिताला एक दिवस, गरज असल्यास दुसरा दिवस ठेवावे असे सांगितले आहे. तिसऱ्या दिवशीही तो हलला नाही, किंवा जाताना पैसे मागू लागला, तर तो खोटा संदेष्टा समजावा. ज्याला तिथेच राहायचे आहे त्याने काम करून खावे. पौल रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात तिकडे येणाऱ्या फिबी या बाईची शिफारस करतो, ती याच गरजेतून. उलट बाजूने, योहानाच्या तिसऱ्या पत्रात दियत्रफेस नावाच्या पुढाऱ्याची तक्रार आहे : तो बाहेरून आलेल्या बंधूंना स्वतः घेत नाही आणि घेणाऱ्यांनाही मंडळीबाहेर काढतो. चौथ्या शतकात कैसरियाचा बिशप बासिल याने शहराबाहेर प्रवासी, आजारी आणि गरीब यांच्यासाठी मोठी वसाहत उभारली. सहाव्या शतकातील बेनेडिक्टच्या मठनियमाचा ५३वा अध्याय प्रत्येक पाहुण्याला ख्रिस्त समजून घ्यायला सांगतो. गरीब आणि यात्रेकरू यांची जास्त काळजी घ्यावी, कारण श्रीमंताचा मान त्याच्या धाकानेच राखला जातो, अशी व्यवहारी पुस्तीही त्यात आहे.

सोलापुरात प्रॉटेस्टंट मंडळीचे काम प्रामुख्याने अमेरिकन मराठी मिशनने उभे केले. या मिशनची सुरुवात १८१३ मध्ये मुंबईत झाली, १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणे झाले, आणि १८६० मध्ये पुण्याहून रेल्वे सोलापूरला पोचल्यानंतरच्या दशकात मिशनरी येथे स्थायिक झाले. चार्ल्स हार्डिंग आणि त्यांच्यानंतर लॉरिन गेट्स यांची सोलापुरातली सेवा दीर्घकाळ चालली. १८७७ मध्ये पुढे ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली गेलेली कापडगिरणी सुरू झाली, पुढे नरसिंग गिरजी आणि लक्ष्मी-विष्णू यांसारख्या गिरण्या आल्या. खेड्यातून कामाला आलेल्या ख्रिस्ती कुटुंबाच्या हातात गावच्या पाळकाचे पत्र असे. फिबीच्या शिफारशीचाच हा सोलापुरी अवतार. अमका सभासद आमच्या मंडळीत चांगल्या वागणुकीचा आहे, त्याला आपल्या सहभागितेत घ्यावे, एवढाच मजकूर. पत्र रविवारी वाचून दाखवले जाई आणि त्या घराला चाळीत खोली, मुलांना शाळा, अडीअडचणीला ओळखीचा माणूस मिळे. हे स्वागत ज्याच्याकडे पत्र होते त्याचे.

खरी कसोटी जेवणाची. नगर-सोलापूर भागातल्या ख्रिस्ती समाजात बहुसंख्य कुटुंबे महार आणि मांग समाजांतून आलेली. काही थोडी सवर्ण घरांतून. गावकुसाबाहेर वेगवेगळ्या वस्त्या असलेल्या आणि एकमेकांच्या विहिरीवर पाणी न भरणाऱ्या माणसांनी प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षरस घेण्याच्या विधीत, एकच प्याला ओठाला लावायचा होता. पौलाच्या काळातही हाच पेच पडला होता. अंत्युखियात प्रेषित पेत्र विदेशी, म्हणजे यहुदी नसलेल्या, ख्रिस्ती लोकांबरोबर जेवत असे; यरुशलेमेहून काही यहुदी ख्रिस्ती माणसे आल्यावर तो हळूच बाजूला सरकला आणि पौलाने त्याला सर्वांसमक्ष जाब विचारला (गलतीकरांस पत्र २). करिंथच्या मंडळीत श्रीमंत आधी जेवून घेत आणि मजूर येईपर्यंत अन्न संपलेले असे. मराठी मंडळ्यांनी प्याला एक केला हे खरे, पण सोयरीक जुळवताना जुनी जात बराच काळ विचारली गेली. १९३८ च्या सुरुवातीला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी सोलापुरातच ख्रिस्ती लोकांपुढे भाषण केले. बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांविषयी आदर व्यक्त करतानाच, दक्षिणेकडच्या चर्चमध्ये जातिभेद पाळला जातो आणि ख्रिस्ती समाज राजकारणात मागे राहिला आहे, असे त्यांनी सुनावले. पाहुण्याने यजमानाच्या तोंडावर बोललेले हे शब्द ख्रिस्ती आतिथ्यावरच्या कोणत्याही प्रवचनापेक्षा उपयोगी आहेत.

दुष्काळांनी आतिथ्याला वेगळे वळण दिले. १८७६–७७, १८९६–९७ आणि १८९९–१९०० या दुष्काळांत सोलापूर जिल्हा होरपळला आणि अनाथ मुले मिशनच्या आवारात आली. पुणे–सोलापूर रेल्वेमार्गावरच्या केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदन याच काळात वाढले. सोलापुरातली मुलींची वोरोनोको शाळा आणि मेरी बी. हार्डिंग यांच्या नावाची बालशाळा या परंपरेतल्या. ‘बोर्डिंगात वाढलेली’ ही ओळख जुन्या सोलापुरी ख्रिस्ती घरांत आजीबद्दल सांगताना अजून निघते. बोर्डिंगातल्या मुलीला भाकरी, अक्षरओळख आणि शिवणकाम मिळाले, बहुधा धर्मही मिळाला. पोटासाठी धर्म घेतला हा टोमणा तेव्हापासूनचा आहे. तो सगळ्यांना लागू होत नाही. पण घरच्या माणसांवाचून उरलेल्या सहा वर्षांच्या मुलाला निवड होती असे म्हणणेही कठीण आहे, आणि बदल्यात काही न मागणे ही आतिथ्याची अट इथे पाळली गेली असे ठामपणे सांगता येत नाही.

त्याहून अवघड प्रकरण सेटलमेंटचे. ब्रिटिशकालीन गुन्हेगार जमाती कायद्याखाली जन्मावरूनच गुन्हेगार ठरवलेल्या पारधी, कैकाडी, टकारी इत्यादी समाजांना तारेच्या कुंपणात ठेवण्यासाठी सोलापुरात वसाहती वसवल्या. गिरण्यांना कामगारही त्यांतून मिळत. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास त्यांपैकी एका वसाहतीचा कारभार सरकारने अमेरिकन मराठी मिशनकडे सोपवला आणि ती उमेदपूर म्हणून ओळखली गेली. तिथे शाळा होती, दवापाणी होते, रविवारची उपासना होती. हजेरीही होती, आणि परवानगीशिवाय बाहेर पडता येत नव्हते. जिथून पाहुण्याला उठून जाता येत नाही तिथल्या सेवेला आतिथ्य म्हणावे का, हा प्रश्न मिशनच्या इतिहासात फारसा विचारला गेलेला नाही. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. ‘सेटलमेंट’ हे नाव शहरात वस्तीचे नाव म्हणून राहिले.

आजची रविवारची रीत साधी आहे. दारापाशी डीकन किंवा तरुण संघातले कोणी उभे असते. जुनी माणसे ‘सलाम’ म्हणतात, काही ‘जय ख्रिस्त’, नव्या पिढीत आणि पेंटेकॉस्टल गटांत ‘प्रेज द लॉर्ड’. नवख्याच्या हातात ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक दिले जाते आणि शेजारी बसलेली बाई न विचारता गीताचा क्रमांक काढून देते. खरे तर आलेल्याला सामील करून घेण्याचे अर्धे काम इथेच होते, कारण चाल माहीत नसलेल्या माणसाला सर्वांत अवघड वाटते ते उभे राहून गप्प राहणे. सूचनांच्या वेळी ‘आज आपल्यात नवीन कोण आले आहे?’ असे विचारतात. माणूस उठतो, नाव सांगतो, ‘मिरजेहून बदलून आलोय, रेल्वेत आहे’ म्हणतो, टाळ्या पडतात. सोलापूर हे मध्य रेल्वेच्या विभागाचे मुख्यालय असल्याने अशा बदल्या चालूच असतात. काही लाजाळू माणसे केवळ हे उभे राहणे टाळण्यासाठी आशीर्वाद होताच निसटतात. समजूतदार पाळक त्यांना दारात गाठतात आणि आठवड्यात घरभेटीला जातात. चहा तिथे होतो, आणि कोणत्या गावचे, कोणाचे कोण, हेही तिथेच निघते. विधवा, एकटे राहणारे म्हातारे आणि वसतिगृहातले विद्यार्थी यांच्याकडे घरसभा लावण्याचीही पद्धत आहे. यजमान सतरंजी अंथरतो आणि मंडळी त्याच्याकडे पाहुणी जाते.

जे चर्चची पायरी चढणार नाहीत त्यांच्यासाठी मराठी ख्रिस्ती लोकांनी कीर्तन आपलेसे केले. अहमदनगरला १८६० च्या दशकात कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ते रुजवले. टाळ-मृदंगाच्या आवाजाला चौकात कोणीही थांबतो. पत्र लागत नाही, बाप्तिस्मा लागत नाही. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी हा विचार शेवटपर्यंत नेला. १९१७ मध्ये साताऱ्याला त्यांनी सुरू केलेल्या ‘देवाचा दरबार’मध्ये बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या ख्रिस्तभक्तांना सारखीच जागा होती. मिशनरींना हे पचणे सोपे नव्हते. दोन वर्षांत टिळक गेले आणि दरबार फार टिकला नाही. त्यांची भजने मात्र सोलापुरातही दर रविवारी म्हटली जातात.

नाताळात घरोघरी फराळ होतो. करंज्या, चकल्या, शंकरपाळी, लाडू दिवाळीसारखेच, शिवाय केक. ताटे रुमालाने झाकून शेजारी जातात. दिवाळीला आणि ईदला आलेल्या ताटांची ती परतफेडही असते. डिसेंबरच्या रात्री कॅरल गाणारी तरुण मंडळी हार्मोनियम, ढोलकी घेऊन वस्त्यांतून फिरतात. रात्री एक वाजताही घरात दिवा लागतो, आजी उठून बसते, प्रार्थना होते आणि पंधरा-वीस जणांचा चहा टाकला जातो. घरे जास्त आणि रात्री थोड्या, म्हणून कोणाकडे चहा आणि कोणाकडे नुसते गाणे याची यादी आधी करावी लागते. एखादे घर राहिले की त्याची बोलणी पुढच्या नाताळापर्यंत ऐकून घ्यावी लागतात. वर्षातून एक-दोनदा प्रीतिभोजन असते. वाढप तरुण संघाकडे, स्वयंपाकाची देखरेख महिला मंडळाकडे. पंगतीत पाळक आणि झाडलोट करणारा एकाच ओळीत बसावा असा संकेत आहे. खुर्च्या-टेबले आणि बुफे आल्यापासून मात्र लोक आपापल्या नातेवाइकांजवळच उभे राहून जेवतात, आणि जुन्या पंगतीत शेजारी कोण येईल हे आपल्या हातात नसे, ती गोष्ट गेली.

सभासदत्वाचे मात्र अजून नियम आहेत. उपासनेला कोणीही यावे. प्रभुभोजन सामान्यतः बाप्तिस्मा व दृढीकरण (मोठेपणी श्रद्धेची जाहीर कबुली देण्याचा विधी) झालेल्यांसाठी. वार्षिक सभेत मत देण्याचा हक्क यादीत नाव असलेल्या आणि वर्गणी भरणाऱ्या सभासदाला. जुन्या मिशनच्या मंडळ्या १९२४ च्या सुमारास उत्तर हिंदुस्थानच्या संयुक्त चर्चमध्ये आणि त्यांतल्या अनेक पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये गेल्या, तेव्हा मालमत्ता आणि याद्याही सोबत गेल्या. त्यामुळे निवडणुकीच्या वर्षी नवे नाव घालणे हा वादाचा विषय होतो. वर्षानुवर्षे शेजारच्या बाकावर बसणाऱ्या माणसाचे पत्र जुन्या गावाहून आले नाही, एवढ्या कारणावर त्याला मत नाकारले जाऊ शकते. स्वतंत्र प्रार्थना गट पत्र मागत नाहीत. तेलुगू, हिंदी बोलणारे कामगार आणि जुन्या मंडळीत न रुळलेली तरुण जोडपी तिकडे ओढली जातात ती बव्हंशी यामुळे. तरी लग्न आणि दफनभूमीची वेळ आली की त्यांतले बरेच जण जुन्या मंडळीच्या कचेरीत येतात आणि यादीत वडिलांचे नाव शोधायला सांगतात.