बैठ्या ज्येष्ठांना हालते करणे

दिवसाचा बहुतेक वेळ बसून किंवा पडून काढणाऱ्या साठीपुढच्या व्यक्तीला पुन्हा नियमित हालचालीची सवय लावण्याची पद्धत. यात व्यायाम शिकवणे हा सोपा भाग आहे. माणूस खुर्चीतून उठायला का तयार नाही, हे ओळखणे अवघड.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शनानुसार 65 वर्षांपुढील व्यक्तींनी आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम करावेत. हा आकडा घरच्यांना माहीत असावा, पण सुरुवात त्याने करू नये. पाच मिनिटांत दम लागणाऱ्याला 150 ऐकवले की तो प्रयत्नच सोडतो.

वडोदऱ्यात चालायला जागांची वाण नाही. सयाजीराव गायकवाडांनी 1879 मध्ये उभारलेली कमाटी बाग आहे, सूरसागर तलावाचा काठ आहे. प्रोफेसर माणिकरावांमुळे नावारूपाला आलेल्या जुम्मादादा व्यायाममंदिरासारख्या संस्थेचा वारसाही आहे. तरीही दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या मराठी घरांत आजी-आजोबा हिंचक्यावर, म्हणजे घरातल्या झोपाळ्यावर, बसूनच दिसतात. विचारले तर उत्तर ठरलेले : "गुडघे दुखतात." ते खोटे नसते, पण पुरते खरेही नसते. अनेकदा लघवी आवरत नाही आणि वाटेत सोय नसते, हे सांगायला संकोच वाटतो. एकदा पडल्यावर बसलेली भीती, अंगावर येणारी कुत्री, जिन्याची उंच पायरी, ही कारणेही तशीच दडलेली राहतात. शौचालय असलेली वाट निवडली, तर काहींचे गुडघे त्याच आठवड्यात कमी कुरकुरतात.

दुसरी अडचण घरच्यांच्या मायेतून येते. "आई, तुम्ही बसा, मी आणते" म्हणत सून पाण्याचा तांब्याही हातात देते. अशाने दिवसातले दहा-पंधरा वेळा उठणे बुडते. उठणे थांबले की मांड्या अशक्त होतात, आणि मांड्या अशक्त झाल्या की उठवत नाही.

उपदेशाऐवजी प्रश्न विचारावा. "आई, रोज चाललं पाहिजे" याला "हो" एवढेच उत्तर येते. "आई, पूर्वी एकट्या जायच्यात आणि आता सोबत लागते, असं कुठं?" असे विचारले की मांडवीजवळचे विठ्ठलमंदिर किंवा खंडेराव मार्केटची भाजी पुढे येते. तेच ध्येय धरावे. मग पहिले पाऊल ठरवून विचारावे : हे जमेल अशी खात्री दहापैकी किती? सातपेक्षा कमी आले, तर पाऊल आणखी लहान करावे. समजावत बसू नये.

पहिले पाऊल बहुधा चालण्याचे नसते, उठण्याचे असते. हिंचका उठताना मागे सरकतो, म्हणून तो यासाठी निरुपयोगी. हात असलेली पक्की खुर्ची भिंतीला टेकवावी, पुढे सरकून बसावे, पावले गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यावीत, नाक पायांच्या बोटांवर येईल इतके वाकून उठावे. धप्पकन न बसता सावकाश खाली यावे, कारण ताकद त्यातही वाढते. सकाळच्या आणि दुपारच्या चहाआधी पाच-पाच वेळा पुरे. नंतर ओट्याला धरून दहा वेळा टाचा उचलाव्यात, एका पायावर दहा सेकंद उभे राहावे. दुसऱ्या आठवड्यापासून घरातच पाच मिनिटे चालावे आणि दर तीन-चार दिवसांनी एक-दोन मिनिटे वाढवावीत. चालताना बोलता यावे पण गाता येऊ नये, हे मध्यम श्रमाचे माप. रक्तदाब किंवा हृदयविकारासाठी दिल्या जाणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळ्या घेणाऱ्यांची नाडी कमी वाढते, त्यामुळे त्यांच्यासाठी नाडीपेक्षा हेच माप बरे.

फसते ते पहिल्याच उत्साहात. मुलगा पावले मोजणारे घड्याळ आणतो आणि दहा हजार सांगतो. हा आकडा 1965 च्या सुमारास जपानमध्ये विकल्या गेलेल्या पावलेमापकाच्या नावातून रूढ झाला. पहिल्या दिवशी बागेला पूर्ण फेरी, दुसऱ्या दिवशी अंग धरलेले, तिसऱ्या दिवशी सगळे बंद. व्यायामानंतर दोन तासांनीही गुडघा आधीपेक्षा जास्त दुखत असेल, तर पुढच्या वेळी प्रमाण कमी करावे. सैल चपला टाळाव्यात, टाच धरणारे बूट घ्यावेत. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील, तर अनशापोटी पहाटफेरी धोक्याची. मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा घरातली फेरीच बरी. छातीत दुखणे, चक्कर किंवा नवा दम आल्यास थांबून डॉक्टरांना दाखवावे.

चिकाटीचे फळ तपासलेले आहे. अमेरिकेत 70 ते 89 वयाच्या 1,635 बैठ्या व्यक्तींवर झालेल्या, 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत चालणे, पायांची ताकद आणि तोल यांच्या नियमित व्यायामाने 400 मीटर चालण्याची क्षमता गमावण्याचा धोका आरोग्यशिक्षणाच्या तुलनेत सुमारे 18 टक्के कमी आढळला.

प्रगती वजनावर मोजू नये. हात छातीवर घडी घालून 30 सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता येते, ते महिन्याला एकदा दिनदर्शिकेवर लिहावे. सत्तरीच्या सुरुवातीला स्त्रियांत 10 पेक्षा आणि पुरुषांत 12 पेक्षा कमी आले, तर पडण्याचा धोका जास्त समजतात. आजारपणात किंवा पाहुण्यांच्या गडबडीत खंड पडला, तर थांबले तिथून नव्हे, त्याच्या निम्म्यापासून पुन्हा धरावे.