अरीथाच्या आवाजामागचं चर्च

‘रिस्पेक्ट’ म्हटलं की अमेरिकन गायिका अरीथा फ्रँकलिन, हे समीकरण इतकं पक्कं झालंय की ते गाणं मुळात तिचं नव्हतं याचा विसरच पडतो. गायक ओटिस रेडिंगने ते लिहिलं आणि 1965 मध्ये गायलंही. त्यात घरी परतणारा नवरा बायकोकडे मान मागतो. दोन वर्षांनी अरीथाने तीच मागणी बाईच्या तोंडी घातली आणि गाण्याची मालकीच बदलली. हे तिला कसं साधलं, याचं उत्तर मला स्टुडिओपेक्षा डेट्रॉइटच्या एका चर्चमध्ये जास्त सापडतं.

तिचा जन्म 25 मार्च 1942 चा, टेनेसी राज्यातल्या मेम्फिसचा. वडील सी. एल. फ्रँकलिन हे बाप्टिस्ट धर्मोपदेशक. डेट्रॉइटच्या न्यू बेथेल चर्चमधली त्यांची प्रवचनं रेकॉर्डवर निघत आणि धडाक्याने खपत. प्रवचन रंगात आलं की त्यांचं बोलणं कधी गाण्यात शिरलं ते कळतही नसे. आईवडील वेगळे झाले होते आणि अरीथाला दहा वर्षं पूर्ण होण्याच्या सुमारास आई गेलीच. घरी मात्र महालिया जॅक्सन, क्लारा वॉर्ड यांच्यासारख्या गॉस्पेल, म्हणजे चर्चमधली भक्तिगीतं गाणाऱ्या, गायिकांचा राबता होता, आणि जेम्स क्लीव्हलँडसारखा पियानोवादकही तिथेच भेटला. पियानो ती बहुतांशी ऐकून ऐकूनच शिकली. 1956 मध्ये, चौदाव्या वर्षी, वडिलांच्याच चर्चमध्ये तिचं पहिलं रेकॉर्डिंग झालं. ते आज ऐकलं तरी इतक्या कोवळ्या वयात एवढं दुःख कुठून आलं, असं वाटून जीव गलबलतो.

धर्मसंगीत सोडून बाहेरचं गाणं म्हणजे पाप, असं मानणारे तेव्हा पुष्कळ होते. सॅम कुक या गॉस्पेल गायकाने तो उंबरठा आधीच ओलांडला होता, आणि अरीथाच्या बाबतीत खुद्द वडीलच पाठीशी उभे राहिले. 1960 मध्ये संगीत निर्माते जॉन हॅमंड यांनी तिला कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीत आणलं. तिथल्या सहा वर्षांत जॅझ, नाटकांतली गाणी, तंतुवाद्यांच्या गोड साथीतली गाणी असं सगळं तिच्याकडून गाऊन घेतलं गेलं. वाईट काहीच नव्हतं, पण त्यात ती कमी आणि कंपनीची हौस जास्त होती.

1966 च्या अखेरीस अटलांटिक कंपनीचे जेरी वेक्सलर यांनी तिला करारबद्ध केलं आणि सरळ पियानोवर बसवलं. जानेवारी 1967 मध्ये अलाबामातल्या मसल शोल्स गावी, फेम स्टुडिओत रेकॉर्डिंग ठरलं. साथीला होते ते सगळे अमेरिकेच्या दक्षिणेतले गोरे वादक. सुरुवातीला गाणं काही केल्या पकडत नव्हतं. मग स्पूनर ओल्डहॅमला इलेक्ट्रिक पियानोवर एक डुलणारी स्वरावली सापडली, अरीथाने तिच्यावर आपला पियानो चढवला आणि ‘आय नेव्हर लव्ह्ड अ मॅन’ जन्माला आलं. त्याच दिवशी दारू आणि वादावादीने सत्र मोडलं. दुसरं गाणं अर्धवटच राहिलं. वेक्सलर यांनी मग त्याच वादकांना न्यूयॉर्कला बोलावून घेतलं.

‘रिस्पेक्ट’ तिथलं, 14 फेब्रुवारीचं. आर-ई-एस-पी-ई-सी-टी ही अक्षरं एकेक करून ठणकावणं ओटिसच्या गाण्यात नव्हतं. ती भर अरीथाची. मागे तिच्या बहिणी अर्मा आणि कॅरोलिन. शाहिरामागे झीलकरी जसा सूर उचलून धरतात, तशा त्या प्रत्येक ओळीला उत्तर देतात. ही चर्चमधलीच रीत, फक्त आता हाक देवाला नसून घरातल्या पुरुषाला आहे. जूनमध्ये गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. कृष्णवर्णीयांची हक्कांची चळवळ आणि स्त्रीमुक्तीची चळवळ, दोघींनीही ते आपलं मानलं. त्यात नवल नाही. 1963 मध्ये डेट्रॉइटला निघालेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांच्या विराट मोर्चाच्या आयोजनात तिचे वडील आघाडीवर होते. ती वाढलीच त्या वातावरणात.

कीर्तीच्या शिखरावर असताना, जानेवारी 1972 मध्ये, ती पुन्हा चर्चमध्ये गेली. लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात दोन रात्री, सोबत तेच जेम्स क्लीव्हलँड आणि त्यांचा गायकवृंद. ‘अमेझिंग ग्रेस’ हा त्यातून निघालेला अल्बम तिच्या कारकिर्दीत सर्वाधिक खपला. त्याचं चित्रीकरणही झालं, पण क्लॅपबोर्ड, म्हणजे चित्र आणि आवाज जुळवण्यासाठी शॉटच्या सुरुवातीला वाजवतात ती पाटी, न वापरल्यामुळे चित्र आणि आवाज यांचा मेळच बसेना. पुढे तंत्राने ते जमलं, तेव्हा खुद्द अरीथानेच कोर्टात जाऊन प्रदर्शन रोखलं. 16 ऑगस्ट 2018 रोजी ती गेली. त्यानंतर घरच्यांच्या संमतीने चित्रपट लोकांसमोर आला. दुसऱ्या रात्री पियानोवर गाणाऱ्या लेकीच्या चेहऱ्यावरचा घाम वडील रुमालाने टिपतात, तो प्रसंग त्यात आहे.

उरलेली कारकीर्द मोठी आहे: 18 ग्रॅमी, 1987 मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये पहिली स्त्री, 2009 मध्ये ओबामांच्या शपथविधीत गायन. पण मला एक वेगळीच गोष्ट खटकत राहते. मानधन ती आधी आणि रोख घ्यायची, आणि पैशांची पर्स नजरेआड होऊ द्यायची नाही. याला लहरीपणा म्हणणाऱ्यांनी अमेरिकेतला कायदा पाहावा. तिथे साध्या एएम-एफएम रेडिओवर गाणं वाजलं की पैसे मिळतात ते गीतकार-संगीतकाराला आणि प्रकाशकाला. गाणाऱ्याला काहीच नाही. म्हणजे ‘रिस्पेक्ट’ रेडिओवर वाजलं की पैसे ओटिसच्या वारसांकडे आणि प्रकाशकाकडे जात. ज्या आवाजामुळे ते गाणं जगभर गेलं, त्या आवाजाच्या वाट्याला तिथल्या रेडिओकडून एक सेंटही आला नाही.