नदीतला गाळ काढायला सक्शन पंप घेताय? आधी तळ बघा

आम्हाला फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, किती एचपीचा घेऊ? आणि आम्ही उलट विचारतो, तळाला काय आहे? सुटा गाळ, वाळू, घट्ट चिकणमाती, गोटे हे सगळं एकाच मशीनने निघत नाही हो. तळातली मूठभर माती काचेच्या बरणीत पाण्यात टाका, जोरात हलवा आणि ठेवून द्या, वाळू मिनिटभरात खाली बसते, बारीक गाळाला काही तास लागतात आणि चिकणमाती असेल तर दुसऱ्या दिवशीपण पाणी गढूळच दिसतं. सुटा गाळ साध्या सक्शनने येतो, दबलेली वाळू पाण्याचा जेट मारून सैल करावी लागते, आणि घट्ट चिकणमातीला कटर हेड, म्हणजे सक्शनच्या तोंडाशी फिरणारी माती कापणारी पाती, लागतंच, नाहीतर पंप नुसतं पाणी ओढत बसतो आणि डिझेल फुकट जातं.

मग पंप कुठे ठेवणार ते बघा. पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो पण खरं तर हवेचा दाब ते वर ढकलतो, आणि साध्या पाण्यालासुद्धा ही मर्यादा १०.३ मीटरची, प्रत्यक्षात ६-७ मीटरच मिळतात. गाळाचं पाणी त्याहून जड, आकारमानाने २० टक्के वाळू आली की लिटरचं वजन साधारण १.३ किलो होतं. त्यामुळे काठावर उंच बसवलेला पंप खडखड करायला लागतो आणि इम्पेलर, म्हणजे आतला फिरणारा पंखा, खाऊन टाकतो. पॉंटूनवर, म्हणजे तरंगत्या तराफ्यावर, पाण्याला लागून बसवा, खोली जास्त असेल तर सबमर्सिबल स्लरी पंप, म्हणजे पाण्यात बुडून गाळाचं पाणी फेकणारा, थेट तळाशी सोडा, महाग पडतो पण आम्ही तोच सांगू.

पाईप मोठा घेतला की माल जास्त येतो हा गैरसमज आहे. वाळू पाईपात बसू नये म्हणून सेकंदाला ३ मीटर तरी वेग लागतो, ६ इंची पाईपला म्हणजे तासाला सुमारे १९० घनमीटर, त्यात १५ टक्के वाळू धरली तर हातात येते २८ घनमीटर! कोटेशनमधला फ्लो पाणी धरून असतो, तो सगळा गाळ नाही. तोच पंप ठेवून पाईप ८ इंची केलात तर वेग पडतो आणि लाईन तुंबते.

गोटे असतील तर हाय क्रोम, म्हणजे कडक क्रोमियम लोखंडाचा इम्पेलर, नुसती बारीक वाळू असेल तर पंपाला आतून रबर लायनिंग. तोंडाला जाळी हवीच, प्लास्टिक पिशव्या सगळीकडे आहेत.

उन्हाळ्यात पात्र उघडं पडत असेल तर सक्शन घेऊच नका, पोकलेन स्वस्त पडतो. २०२१ च्या पुरानंतर चिपळूणला वाशिष्ठी नदीतला गाळ पोकलेन-डंपर लावूनच काढला. आणि वाळू गौण खनिज आहे, लेखी परवानगी बघितल्याशिवाय आम्ही मशीन देत नाही, ओळखीचा माणूस असला तरी नाही.

फोन करताना बरणीचा फोटो, पाण्याची खोली आणि गाळ किती लांब टाकायचाय एवढं तयार ठेवा, बाकी हिशोब आम्ही करून देतो.