हिवाळी गारपीट व वादळी वारे, विदर्भातील

डिसेंबरअखेरीपासून साधारणतः मार्चच्या मध्यापर्यंत विदर्भात विजा, गारा व सुसाट वाऱ्यासह पडणारा अवकाळी पाऊस. फेब्रुवारी-मार्च 2014, 11 फेब्रुवारी 2018 आणि डिसेंबर 2021 ची अखेर ही अलीकडची ठळक उदाहरणे.

उत्पत्तीबाबत मतभेद आहेत. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास नॉर्वेतील बर्गेनच्या वातावरणवैज्ञानिकांनी उष्ण व शीत सीमापृष्ठांची (भिन्न तापमानाच्या हवांमधील सरहद्दींची) कल्पना मांडली. तिच्या प्रभावामुळे जुन्या लेखनात पश्चिमी चक्रावातालाही (हिवाळ्यात पश्चिमेकडून भारतात येणाऱ्या कमी दाबाच्या प्रणालीलाही) उष्ण सीमापृष्ठ जोडले जाई. समशीतोष्ण कटिबंधात अशा सीमापृष्ठापाशी तापमान झपाट्याने बदलते. विदर्भात जमिनीलगत तसा बदल सहसा आढळत नाही. म्हणून वाऱ्यांच्या संगमाचे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते. बंगालच्या उपसागरावरून आग्नेयेचा दमट वारा येतो, वायव्येकडून कोरडा, गार. वर पश्चिमेकडून द्रोणी (कमी दाबाचा लांबट पट्टा) सरकते आणि त्याहून उंच झोतवारा (अतिवेगवान वाऱ्याचा अरुंद पट्टा) वाहतो. पावसाळ्याच्या मानाने गोठणपातळी (जिथे तापमान शून्य अंश से. होते ती उंची) खाली असल्याने गारा वाटेत कमी वितळतात.

वाऱ्याची हानी बहुधा चक्राकार नसते. ढगाखालच्या कोरड्या हवेत थेंबांचे बाष्पीभवन होऊन हवा गार व जड होते, खाली कोसळते आणि जमिनीवर आदळून पसरते. वेग एकाएकी ताशी निदान 29 किमी.ने वाढून 40 किमी. वा अधिक झाला व किमान एक मिनिट टिकला, तर तो चंडवात. पडलेली झाडे एकाच दिशेला किंवा पंख्यासारखी पसरली असतील, तर कारण हेच समजावे. टिनाच्या घरात वारा उघड्या ओसरीतून शिरून आतून रेटतो, वरून जाणारा वारा पत्रा ओढतो. खिळ्याभोवतीचे भोक फाटते आणि पत्रा कडेपासून उचलला जातो. वर नुसते दगड ठेवणे घातक, ते माणसांवर पडतात. पत्रा आधाराला जखडणारे आकडी बोल्ट कडेच्या रांगेत दाट हवेत.

हरभऱ्याचे घाटे फुटतात. नुकताच ओलित केलेला, ओंबीवरचा गहू लोळतो. वरुड-मोर्शीकडे मृग बहाराची (पावसाळ्याच्या आरंभी फुललेली) संत्री गळतात, आंबिया बहाराची (हिवाळ्याअखेरीस येणारी) फुले झडतात. संत्र्याच्या झाडाच्या खोड-फांद्यांची फुटलेली साल हा खरा दीर्घ घाव: तिथून बुरशी शिरून डिंक्या (डिंक गळण्याचा रोग) होतो. मोडक्या फांद्या करवतीने साफ कापून, जखमांना 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना व 10 लिटर पाणी यांची बोर्डो पेस्ट लावावी. महाराष्ट्रात 2025 च्या खरिपापूर्वी पंतप्रधान पीक विमा योजनेत गारपिटीच्या हानीची सूचना 72 तासांत द्यावी लागे.