योगासने आणि 21 दिवसांचा हिशेब

रंकाळ्याच्या काठी पहाटे योगासने करणाऱ्यांत ‘सलग 21 दिवस केले की सवय लागते, एक दिवस चुकला की पुन्हा पहिल्यापासून’ हे हमखास ऐकू येते. ते खरे नाही. मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनने 1960 मध्ये लिहिले होते ते असे की, शस्त्रक्रियेनंतरचा बदललेला चेहरा रुग्णाला आपलासा वाटायला किमान 21 दिवस लागतात. पुढे सांगोवांगी ‘किमान’ गळाले आणि चेहऱ्याच्या जागी व्यायाम आला.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी 96 जणांवर केलेल्या, 2010 मध्ये छापून आलेल्या अभ्यासात नवी कृती अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस लागतात, आणि व्यक्तीनुसार हा काळ 18 ते 254 दिवस असू शकतो, असा अंदाज निघाला. पेलाभर पाणी पिणे लवकर रुळले, व्यायामाला वेळ लागला. मधल्या एखाद्या खाड्याने मात्र फारसे बिघडले नाही. तेव्हा जुलैतल्या झडीत सतरंजी एक दिवस गुंडाळलेलीच राहिली, तर मोजणी शून्यावर आणण्याचे कारण नाही. त्या अभ्यासात प्रत्येकाने आपली कृती रोजच्या ठरावीक प्रसंगाला जोडली होती. आपल्याकडे तोंड धुतल्यावर, चहाचे आधण ठेवण्याआधी सतरंजी अंथरणे हा तसाच प्रसंग ठरू शकतो.